सोसणारी बाई

आमच्या बाळापुरात बाईचं कौतुक करायची एक ठरलेली रीत होती. चार बायांत कोणी म्हटलं, "बाई मोठी सोसणारी व!" की त्याच्यापुढे दुसऱ्या प्रशस्तीची गरज नसे. सुगरण असणं, कामाला वाघीण असणं, बोलायला गोड असणं, हे सगळं त्याच्या खालच्या पायरीवर. अमकी बाळंतपणात हूं की चूं बोलली नाही. तमकीला वावरात विंचू चावला तर पात पुरी करूनच घरी आली. मन आणि म्हैस या नद्यांच्या मधोमध आमचा किल्ला उभा आहे, आणि त्या नद्यांच्या काठी धुणी धुता धुता अशा गोष्टी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात. किल्ल्याच्या लढायांपेक्षा आम्हा पोरींना याच गोष्टी जास्त पाठ होत्या.

मला त्यातली एक गोष्ट पुष्कळ उशिरा लक्षात आली. पुरुषाला कोणी 'सोसणारा' म्हणत नसे. बैलानं शिंग मारलं, थ्रेशरमध्ये बोट गेलं, की जीप बोलावली जाई आणि पंचवीसेक किलोमीटरवरच्या अकोल्याला माणूस तासाभरात पोचे. त्याच्या दुखण्यावर इलाज व्हायचा आणि बाईच्या दुखण्याचं कौतुक व्हायचं. कौतुकाला पैसे लागत नाहीत.

हा लेख त्या कौतुकाबद्दल आहे. प्रश्न साधा आहे. दुखणं कमी करायचं साधन हाताशी असताना ते न वापरता सोसणं, हा गुण आहे का? आणि असलाच, तर तो ठरवणार कोण?

माझ्या मोठ्या मायचं, म्हणजे थोरल्या काकांच्या बायकोचं, पिशवीचं ऑपरेशन झालं ते १९८४ साली. पिशवीत गाठ होती. चार-पाच वर्षं तिच्या अंगावरून जात होतं. कापूस वेचायला जाताना ती जुन्या लुगड्याच्या घड्या करून न्यायची, आणि पऱ्हाटीच्या ओळीत शेवटी राहायची, कोणाला दिसू नये म्हणून. पार पांढरीफटक पडली, चक्कर येऊन वावरात बसली, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. पोट उघडून पिशवी काढली. संध्याकाळी भूल उतरली. एक इंजेक्शन दिलं होतं, त्याचा जोर रात्री ओसरला. मग तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि रात्र काढली. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या बायका बाळापुरात जाऊन सांगू लागल्या, "आवाज नाही काढला व तिनं!"

गोष्ट गावात इथंच संपते. दवाखान्यात ती पुढे चालू राहिली होती. पोटाला टाके असताना खोकलं की कळ जाते, म्हणून मोठी माय खोकलीच नाही. खोल श्वास घेतला की दुखतं, म्हणून वरवरचा श्वास घेत राहिली. कूस बदलली नाही, उठून बसली नाही. चौथ्या दिवशी ताप आला, छातीत कफ भरला. आठ दिवसांत घरी यायची ती एकवीस दिवसांनी आली.

यात वैद्यकशास्त्राचं काही गूढ नाही. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर माणूस दुखण्यानं आखडून पडला की फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, तिथं कफ साचतो, न्यूमोनिया होऊ शकतो. पाय हलले नाहीत तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी धरायची भीती असते. सुरुवातीचं दुखणं नीट आवरलं नाही, तर काहींच्या बाबतीत ते महिनोन्महिने चिकटून बसतं. म्हणजे दुखणं थांबवणं हा बऱ्याच वेळा बरं होण्याचाच भाग असतो. पण गावाच्या गोष्टीत मोठ्या मायच्या तोंडातला पदर राहिला आणि छातीतला कफ गळून पडला.

हे फक्त आमच्याच घरचं किंवा बाळापूरचं होतं असं समजायचं कारण नाही. आपल्या विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तपासलेल्या साडेसहाशे बायकांपैकी शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त ८ होत्या. हे वाचलं तेव्हा मला मोठी माय पऱ्हाटीच्या शेवटच्या ओळीत दिसली. इतक्या जणी एकाच वेळी गप्प असतील, तर तो एकेकीचा स्वभाव कसा म्हणायचा? ती शिकवण म्हणायला हवी.

सोसण्याच्या बाजूनं बोलणारे गांधींचं नाव घेतात. स्वतः कष्ट सोसून समोरच्याचं मन पालटवणं, हा त्यांच्या सत्याग्रहाचा पायाच. म्हणून त्यांच्याच घरातली दोन ऑपरेशनं शेजारी शेजारी ठेवून बघावीत असं मला वाटतं. पहिलं कस्तुरबांचं, डरबनमधलं, १९०९च्या सुमाराचं. त्यांना वारंवार रक्तस्राव होत होता. डॉक्टरनं शस्त्रक्रिया सुचवली, थोड्या कांकूनंतर बा तयार झाल्या. पण अंगात ताकद इतकी कमी होती, की डॉक्टरला क्लोरोफॉर्म न देताच शस्त्रक्रिया करावी लागली. गांधींनी आत्मकथेत हे लिहून ठेवलंय, वेदना फार झाल्याचं लिहिलंय, आणि बांच्या धैर्याची तारीफही केलीय. दुसरं ऑपरेशन गांधींचं, १२ जानेवारी १९२४चं. येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्स बळावलं आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी रात्री शस्त्रक्रिया केली. मध्येच दिवे गेले, कंदिलाच्या उजेडात काम पुरं करावं लागलं. पण गांधींना भूल दिलेली होती.

यात गांधींना दोष देण्यासारखं काही नाही. बांना भूल न देण्याचं कारण त्यांचा अशक्तपणा होता, आणि त्या काळी ते कारण खरंच होतं. मला सांगायचंय ते वेगळंच. उभ्या आयुष्यात उपास आणि तुरुंगवास स्वतःहून अंगावर घेणारा माणूस, पोटावर सुरी चालायची वेळ आली तेव्हा, भूल घेऊन टेबलावर झोपला. त्यानं त्याच्या तपाला काही उणेपणा आला नाही. कारण तपाचं दुखणं माणूस निवडतो, टाक्यांचं दुखणं निवडत नाही. या दोहोंना एकाच तराजूत घालणं हीच गफलत आहे.

आणि बांच्या त्याच आजारपणातली पुढची हकिगत तर याहून बोलकी आहे. शक्ती यावी म्हणून डॉक्टरला त्यांना गोमांसाचा रस द्यायचा होता. गांधी म्हणाले, बांना विचारल्याशिवाय नाही. अंथरुणाला खिळलेल्या बांना विचारलं, आणि त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. मरण पत्करीन पण ते घेणार नाही, असा त्यांचा बाणा. म्हणजे हाडांचा सापळा झालेली बाईसुद्धा आपल्या देहाचं काय करायचं ते सांगू शकते. तिला विचारावं मात्र लागतं. पुढे याच घराण्यात आमच्या अकोल्याची लेक गेली. मश्रुवालांच्या सुशीलेचं मणिलाल गांधींशी १९२७ साली अकोल्यात लग्न झालं आणि ती डरबनजवळच्या फिनिक्सला नांदायला गेली. सासूच्या ऑपरेशनची हकिगत तिच्या कानावर कशी आली असेल, धैर्याची म्हणून की दुखण्याची, असा विचार माझ्या मनात येतो.

दुखणं थांबवायला विरोध होणं हेही आपल्याकडचंच खास नाही. १८४७ साली एडिंबरोत डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा बाईनं वेदनेतच प्रसवावं असा देवाचा आदेश आहे, अशी कुरकुर झाली. सिम्प्सननी बायबलातूनच उत्तर काढलं. आदमची बरगडी काढण्याआधी देवानं त्याला गाढ झोप आणली होती, मग भूल देणारा पहिला कोण? १८५३ साली राणी व्हिक्टोरियानं डॉ. जॉन स्नो यांच्या हातून बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला आणि बरीच तोंडं बंद झाली. त्याच वर्षी आपला वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, पण कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. त्या निजामाच्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म किती सुरक्षित, हे तपासायला दोन कमिशनं बसली. तिथंच डॉ. रूपाबाई फर्दुनजी भूल द्यायचं काम करत. जगातल्या पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. बाईच्या दुखण्यावर बाईच्या हातून भूल, हे आपल्याच मुलखाच्या शेजारी सव्वाशे वर्षांपूर्वी घडलेलं आहे.

आता ज्याच्यावरून आमच्या घरात भांडण झालं त्या पाठीतल्या नळीबद्दल. तिला एपिड्युरल म्हणतात. आपल्याकडे 'कमरेचं इंजेक्शन' हा एकच शब्द सगळ्याला चालतो, म्हणून फरक सांगते. सिझेरियनला साधारण देतात ते स्पायनल. बारीक सुईनं मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात औषध सोडतात, दोन-तीन तास कमरेखाली बधिर होतं, सुई काढून घेतात. एपिड्युरलमध्ये सुई त्या पाण्याच्या पिशवीपर्यंत जातच नाही. पिशवीच्या बाहेर, मणक्याच्या आत जी चिंचोळी जागा असते तिथं केसासारखी बारीक नळी सोडतात आणि पाठीवर चिकटपट्टीनं बसवतात. त्या नळीतून दोन-तीन दिवस थोडं थोडं औषध जात राहतं. पोटाकडून निघालेली कळ मेंदूकडे जाते ती मणक्यातूनच, आणि ती तिथंच अडवली जाते. पाटाचं पाणी बांधावर मातीचा लपका टाकून अडवावं, तसं. माणूस जागा असतो, बोलतो, पाणी पितो. ही जागा कमरेतून गाठायची पद्धत स्पेनचे लष्करी सर्जन फिदेल पाजेस यांनी १९२१ साली छापली, आणि दोन वर्षांत ते अपघातात गेले. नळी ठेवून औषध चालू ठेवायची रीत १९४७ साली क्यूबातल्या हवाना शहरात डॉ. कुर्बेलो यांनी दाखवली. म्हणजे मोठी माय पदर चावत होती तेव्हा या नळीला सदतीस वर्षं झाली होती.

२०१६ साली माझ्या वहिनीची पिशवी काढायची ठरली. गाठी वाढून पोट सहा महिन्यांच्या गरोदर बाईएवढं झालं होतं. पोटावर मोठी चीर घ्यावी लागणार होती. अकोल्याच्या भूलवाल्या डॉक्टरांनी दादाला नळीचं समजावून सांगितलं. दादानं घरी येऊन सांगितलं, आणि बैठकीत सगळ्यांनाच मत सुचलं.

माझी माय म्हणाली, "आमी नाही का सोसलं? दोन दिवसाचं दुखनं. त्याच्यासाठी पाठीत नळी कायले?"

शेजारची काकू म्हणाली, "त्या सुईनं कंबर जलमाची जाते बाप्पा. माया सुनेची गेली."

दादा पैशाचा हिशेब करत होता, तेही त्याचं चुकीचं नव्हतं. सोयाबीनचे पैसे यायचे होते. वहिनी दाराशी बसून फरशीकडे बघत होती. भिंतीला टेकून मोठी माय वाती वळत होती. सत्तरी कधीच ओलांडलेली. ती वाती वळता वळताच बोलली.

"मले कोनं इचारलंच नाही व तवा. तुमी म्हनता सोसलं. दुसरं काही होतंच नाही तं मी काय करतो? त्या राती मले वाटे, मरन आलं तं बरं. हे कोनाले सांगू? तुमी सारे म्हनत होते, आवाज नाही काढला." मग वहिनीकडे मान वळवून म्हणाली, "तिले इचारा ना. पोट तिचं हाये."

खोलीत कोणी बोललं नाही. बत्तीस वर्षं आम्ही जी गोष्ट तिचा मान म्हणून सांगत होतो, ती तिची होतीच नाही. वहिनीनं मान वर केली. "मले नळी पायजे," एवढंच म्हणाली.

नळी म्हणजे जादू नव्हती, हेही सांगायला हवं. पहिल्या संध्याकाळी तिचे पाय जड झाले. एकदा रक्तदाब उतरला, सलाईन वाढवावं लागलं. अंगाला खाज सुटली. दुखणं अजिबात नव्हतं असंही नाही. "दुखते, पन शेजारच्या घरात भांडन चालू असल्यावानी," असं ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, पोटाला उशी दाबून खोकली, नर्सचा हात धरून दारापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी नळी काढली, मग दुखणं वाढलं, पण गोळ्यांवर भागलं. कंबर तिची अजून शाबूत आहे. सुईच्या जागी काही दिवस हुळहुळतं, पण जन्माची कंबरदुखी त्या सुईमुळे लागते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गरोदरपण, ओझी, वाकून निंदणं, कंबर धरायला एवढी कारणं बाईजवळ आधीच असतात.

म्हणून प्रत्येकीला नळी हवीच असंही माझं म्हणणं नाही. दुर्बिणीतून किंवा खालून पिशवी काढली तर बहुतेक वेळा तिची गरज पडत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ती धोक्याची ठरू शकते. क्वचित सुई आत जाऊन आठवडाभर डोकं दुखतं. आणि नळी टाकली की रात्रीतून उठून रक्तदाब बघणारं, पाय हलतात का विचारणारं माणूस लागतं. एक सिस्टर तीस खाटा सांभाळते तिथं ते जमायचं नाही. पण मग तिथल्या बाईनं पदर चावावा का? तर नाही. पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं रुग्णानं मागितल्यावर न देता घड्याळ बघून दिली, टाक्यांच्या जागी किंवा पोटाच्या भिंतीत बधिर करायचं इंजेक्शन दिलं, तरी पुष्कळ फरक पडतो. याला फार पैसा लागत नाही. मॉर्फीनची गोष्ट थोडी वेगळी. अफू आपल्याच देशात, शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्यानं पिकते, पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकानं औषध म्हणूनसुद्धा मॉर्फीन दवाखान्यांतून दिसेनासं झालं. २०१४ साली कायदा सुधारला तो यासाठीच. कायदा बदलला, सवय मात्र हळूहळू बदलते.

इथं कोणी म्हणेल, दुखण्याचं इतकं मनावर घेतलं की लोक ऊठसूट ऑपरेशनच करून घेतील. ही शंका खोटी नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण उघडकीला आलं. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीत दुखतं, रक्त जातं, फडात आडोसा नाही, आणि एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. दुखणं नको, खाडा नको, म्हणून पिशवीच नको. अनावश्यक पिशव्या काढण्याला आळा घाला, असं २०२३ साली सुप्रीम कोर्टाला राज्यांना बजावावं लागलं. पण नीट बघितलं तर बीडच्या बायकांचं दुखणं कोणी मनावर घेतलं होतं असं म्हणता येत नाही. मोठ्या मायला सांगितलं 'सोस', आणि त्यांना सांगितलं 'काढून टाक'. कुठं दुखतं, केव्हापासून, किती, याच्यावर काय काय करता येईल, हे या दोन्ही ठिकाणी बाईशी बसून बोललं कोण?

वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या जागतिक संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबत एक गोष्ट स्पष्ट लिहिली, की माणूस दुखतं म्हणतो तेव्हा त्याच्या शब्दाचा मान राखावा. ताप मोजायला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला यंत्र आहे, दुखणं मोजायला त्या माणसाच्या शब्दापलीकडे काही नाही. आणि आपण बायकांना नेमका तोच शब्द गिळायला शिकवला.

मोठ्या मायचं धैर्य खोटं होतं असं मी म्हणणार नाही. दुसरा रस्ताच नसताना जी रात्र काढते ती धीराचीच. पण ती रात्र तिच्या वाट्याला आली त्याला आपण जबाबदार होतो, आणि कौतुक करून आपण त्या जबाबदारीतून सुटलो. सोसणं हा गुण आहे, ज्याचं त्यानं निवडलं असेल तर. दुसऱ्याला सोसायला लावून त्याला गुण म्हणणं, ही आपली सोय.

तेव्हा घरातल्या बाईला ऑपरेशनला न्याल, तर फॉर्मवर सही करायच्या आधी तिच्या समोर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. हे ऑपरेशन केल्याशिवाय चालणार नाही का? नंतरच्या दुखण्याला तुमच्याकडे काय काय आहे, आणि रात्री कोण बघणार? त्यातलं तिच्या अंगाला मानवेल असं कोणतं? मग तिच्याकडे वळा आणि तिला काय पाहिजे ते विचारा. ती लगेच बोलणार नाही. पन्नास वर्षांची सवय आहे. थोडं थांबा.